कैद्याचा अर्ज कोणी वाचावा?

नाताळचा सप्ताह जवळ आला की आपल्या धर्मग्रामांतून एक लगबग सुरू होते. धर्मभगिनी, युवक मंडळाची मुले आणि दोन-चार वडीलधारी माणसे मिळून कारागृह अधीक्षकांची परवानगी काढतात. केक, फराळ, ब्लँकेटे, साबण यांची खोकी भरली जातात, गाणी बसवली जातात. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी कारागृह सेवेचा दिवस येतो, तेव्हा प्रवचनातून बंदिजनांची आठवण काढली जाते व त्यांच्यासाठी वर्गणी गोळा होते. हे सारे चांगलेच आहे. उन्हातान्हात खोकी वाहणाऱ्या हातांविषयी आमच्या मनात आदर आहे आणि त्यांच्यावर टीका करण्याचा आमचा हेतू नाही. आमचा वाद आहे तो आपल्या सर्वांच्या मनात घर करून बसलेल्या एका समजुतीशी. बंदिवानाला आपल्याकडून दया हवी असते, अशी ही समजूत. आमचे म्हणणे असे, की दयेच्याही आधी त्याला एक गोष्ट हवी असते. त्याने लिहिलेला अर्ज न्यायासनापर्यंत पोहोचावा आणि तेथे तो कोणीतरी न्यायबुद्धीने वाचावा, ही ती गोष्ट होय.

आपल्या वऱ्हाडात अमरावतीला मध्यवर्ती कारागृह आहे, अकोल्याला जिल्हा कारागृह आहे, मोर्शीला खुले कारागृह आहे. त्यांच्या भिंतींवरून आपण रोज ये-जा करतो. आत काय असते याचा विचार मात्र क्वचितच मनात येतो. तेव्हा एक उदाहरण कल्पून पाहू.

वऱ्हाडातील एखाद्या कारागृहात विशी-बाविशीतील एक तरुण आहे. खटला अजून उभा राहिलेला नाही. जामीन मंजूर झाला, तरी जामीनदार मिळत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. बराकीत माणसे कुशीला कूस लावून झोपतात, अंगावर खरूज उठते, औषधासाठी दोनदा विनवूनही कोणी दवाखान्यात नेत नाही. शेवटी सातवीपर्यंत शिकलेला हा मुलगा वहीचे पान फाडून न्यायाधीशांना अर्ज लिहितो. शुद्धलेखन चुकलेले आहे. कायद्याचे कलम त्याला ठाऊक नाही. आपली हकिकत, शेजारच्या बंद्याची हकिकत, घरी आजारी असलेल्या आईची हकिकत असे सारेच त्याने त्या पानावर कोंबले आहे. अर्ज तो बराकीवरच्या शिपायाच्या हाती देतो. तेथून तो कारागृहाच्या कार्यालयात जातो. पुढे उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ; अकोल्याहून ते सुमारे अडीचशे किलोमीटर, अमरावतीहून दीडशे. महिना जातो, दोन महिने जातात. मुलाकतीला आलेली आई कारागृहाच्या दारात विचारते, “साहेब, पोराचा कागद गेला का नाही, थे तरी सांगा.” तिला कोण उत्तर देणार?

आता समजा, कागद गेला. न्यायालयाच्या कार्यालयात त्याची छाननी होणार. हा अर्ज दाखल करून घेण्याजोगा आहे काय, हे तेथे ठरणार. त्यासाठी कारागृहाकडून अभिप्राय मागवला जाणार आणि बंद्यास नियमानुसार सर्व सुविधा पुरवण्यात येत आहेत, अशा एका ओळीचा अभिप्राय आला, तर अर्जाचे काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे, त्याच्याच तोंडून गाऱ्हाण्याची परीक्षा! आमच्या मते हा या विषयातील मूळ दोष आहे आणि याच दोषावर आम्हांला बोट ठेवायचे आहे.

न्यायालयांनी कैद्यांकडे पाठ फिरवली, असे आम्ही म्हणत नाही. उलट, या देशाच्या न्यायासनाने बंदिवानाच्या साध्या पत्राला जो मान दिला, तसा फार थोड्या देशांत दिला गेला असेल. दिल्लीच्या तिहार कारागृहात फाशीची शिक्षा झालेल्या सुनील बत्रा या कैद्याने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना पत्र लिहिले. ते त्याच्या स्वतःविषयी नव्हते. शेजारच्या एका कैद्याचा वॉर्डरने अमानुष छळ केला, असे त्याने कळवले होते. न्यायालयाने ते पत्र हीच याचिका मानली. डॉ. चितळे व मुकुल मुद्गल या दोन वकिलांची न्यायालयाचे साहाय्यक म्हणून नेमणूक केली आणि त्यांना कारागृहात जाऊन बंद्याला व साक्षीदारांना भेटण्याची मुभा दिली. २० डिसेंबर १९७९ रोजी न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी दिलेल्या निकालात कारागृहांसाठी काही आदेश आहेत. तक्रारपेट्या ठेवाव्यात, त्या जिल्हा दंडाधिकारी व सत्र न्यायाधीश यांच्या आदेशाखाली असाव्यात, त्यांनीच त्या वेळोवेळी उघडवाव्यात, प्रत्येक बंद्याला पेटीपर्यंत जाता यावे. शिवाय या दोघांनी स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत कारागृहास भेट द्यावी, बंद्यांना गाऱ्हाणी मांडू द्यावीत आणि त्यांची लवकर चौकशी करावी. म्हणजे पेटीवर अधिकार कोणाचा, हा प्रश्न कारागृहाबाहेरच्या हातांत देऊन न्यायालयाने तेव्हाच सोडवला होता.

बंगळूरच्या मध्यवर्ती कारागृहातील राममूर्ती नावाच्या बंद्याने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. त्यातून १९९६ च्या डिसेंबरमध्ये जो निकाल आला, त्यात गर्दी, खटल्यांचा विलंब, छळ, आरोग्याची हेळसांड, अपुरे अन्न-वस्त्र अशा नऊ समस्यांची मांडणी झाली. ओडिशातील नीलाबती बेहेरा या मातेने पोलिसांच्या ताब्यात असलेला आपला मुलगा मरण पावल्याचे पत्राने कळवले. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला दीड लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि ही भरपाई घटनेतील मूलभूत हक्काच्या भंगाबद्दल आहे, हे स्पष्ट केले. एक माता, एक पत्र, एवढेच त्या खटल्याचे भांडवल होते.

आपल्या महाराष्ट्रातील एक प्रकरण तर आपण ख्रिस्ती लोकांनी विशेष ध्यानात ठेवावे असे आहे. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात पंधरा स्त्री-बंद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलिस कोठडीत आपल्याला मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने आधी शासनाचा खुलासा मागवला. तो आला नाही, तेव्हा मुंबईच्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. ए. आर. देसाई यांना कारागृहात पाठवले. त्यांनी स्त्री-बंद्यांना एकांतात भेटावे, त्या वेळी दुसरे कोणी हजर नसावे, असे न्यायालयाने बजावले. त्यांच्या अहवालाच्या आधारे १५ फेब्रुवारी १९८३ रोजी निकाल झाला. स्त्रियांसाठी वेगळी कोठडी व स्त्री-पोलिसांची देखरेख, अटकेची सूचना विधी साहाय्य समितीला देणे, छळाबाबत काही तक्रार आहे काय हे दंडाधिकाऱ्यांनी आरोपीला विचारणे, असे आदेश त्यात आहेत.

निर्मला निकेतन ही १९५५ मध्ये धर्मभगिनींनी सुरू केलेली संस्था आहे. बंदिवान स्त्रीचे गाऱ्हाणे खरे की खोटे हे पाहण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या एका संस्थेच्या प्रमुखांवर विश्वास टाकला आणि ते काम चोख झाले. केक आणि ब्लँकेटे यांच्या पलीकडे आपल्याला काही करता येते काय, असे जे विचारतात, त्यांना याहून वेगळे उत्तर देण्याची गरज नाही.

मग बिघडले कोठे? पत्रांचा ओघ वाढला, तेव्हा १ डिसेंबर १९८८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्ररूपी याचिकांसाठी नियम ठरवले. पुढे त्यांत बदलही झाले. कोणत्या विषयांवरची पत्रे याचिका म्हणून घ्यावीत, याची यादी झाली. कारागृहांतून येणाऱ्या छळाच्या, कारागृहातील मृत्यूच्या, खटल्याच्या विलंबाच्या तक्रारी त्या यादीत आहेत, हे योग्यच झाले. पत्रांची पहिली छाननी मात्र न्यायालयाच्या एका कक्षात व्हावी आणि यादीत बसणारी पत्रे तेवढी नेमलेल्या न्यायाधीशांपुढे जावीत, असे ठरले. मुदतपूर्व सुटका, पॅरोल यांसारख्या अर्जांवर कारागृह अधीक्षकांचे अभिप्राय मागवावेत व अर्ज उच्च न्यायालयाकडे जावेत. कारागृहाच्या अधिकाऱ्यांविरुद्धच्या तक्रारीही उच्च न्यायालयानेच हाताळाव्यात. छळ किंवा कोठडीतील मृत्यू यांचे आरोप गंभीर असतील, तरच सर्वोच्च न्यायालयाने त्यांची थेट दखल घ्यावी, असाही त्यात भाग आहे.

या व्यवस्थेला आमचा सरसकट विरोध नाही. पॅरोलच्या अर्जावर अधीक्षकांना विचारलेच पाहिजे. कैद्याचा सारा अभिलेख त्यांच्यापाशी असतो. परंतु अभिप्राय मागवण्याची ही सवय, ज्या अर्जात अधीक्षकांच्याच कारभाराबद्दल गाऱ्हाणे आहे, त्या अर्जालाही लागू झाली, तर छाननीचा अर्थच उरत नाही. उलट बाजूचे म्हणणे ऐकावे, हा न्यायाचा नियम आहे. त्या नियमाला जोडून दुसराही एक नियम आहे. कोणी आपल्याच प्रकरणात न्यायाधीश होऊ नये. पहिल्याचा आधार घेऊन दुसरा मोडला जात असेल, तर ते न्यायासनाच्या नजरेस आणून देणे हा त्याचा अवमान खचित नव्हे.

या बाबतीत अमेरिकेचे उदाहरण बोलके आहे. तेथील १८७१ च्या नागरी हक्क कायद्याने, राज्याच्या अधिकाऱ्याने घटनादत्त हक्क हिरावला, तर त्याच्यावर दिवाणी दावा लावण्याची वाट नागरिकाला खुली केली. शे-सव्वाशे वर्षांनी कारागृहातील बंदी त्या वाटेने मोठ्या संख्येने येऊ लागले. १९७२ मध्ये हेन्स विरुद्ध कर्नर या प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की वकिलाशिवाय दावा लिहिणाऱ्या कैद्याचा कागद वकिलाच्या मसुद्याच्या काटेकोर कसोटीवर पारखू नये. वारे नंतर फिरले. कैदी क्षुल्लक दावे लावून न्यायालयांचा वेळ खातात, अशी ओरड झाली आणि २६ एप्रिल १९९६ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांच्या सहीने कैद्यांच्या दाव्यांना लगाम घालणारा कायदा झाला. तेव्हापासून सरकार किंवा सरकारी अधिकारी यांच्याविरुद्धचा कैद्याचा प्रत्येक दावा न्यायालय प्रथम चाळून पाहते. तो क्षुल्लक, दुष्ट हेतूचा किंवा कायद्याचा आधार नसलेला वाटला, तर प्रतिवादीला समन्स जाण्यापूर्वीच तो फेटाळता येतो. आधी कारागृहातील तक्रारीचे सर्व टप्पे पार करावे लागतात. न्यायालयाची फी निर्धन कैद्यालाही हप्त्याहप्त्याने भरावी लागते. असे तीन दावे फेटाळले गेले, की गंभीर इजेचा धोका समोर उभा असल्याखेरीज पुढच्या दाव्याला हप्त्याची सवलतही मिळत नाही. जो केवळ आरोपी आहे, ज्याचा गुन्हा सिद्ध झालेला नाही, असा बंदीही या कायद्याच्या कक्षेत येतो.

हा कायदा आम्हांला निष्ठुर वाटतो. त्याचा कित्ता आपण गिरवू नये. परंतु त्यातही एक गोष्ट आहे, जिची आपल्याकडे उणीव भासते. तेथे चाळणी न्यायाधीशाच्या हाती असते आणि दावा फेटाळताना त्याला तसा आदेश करावा लागतो. तो आदेश कैद्याच्या हाती पडतो व त्यावर अपील करता येते. आपल्याकडे कायदा उदार आहे, पण एखादा कागद कोणत्या टेबलावर थांबला, कोणी थांबवला आणि का, हे लिहिणाऱ्याला कळण्याची खात्री नाही. उदार कायदा आणि मुके कार्यालय यांची ही जोडी आम्हांला अधिक धोक्याची वाटते.

बंदिवानाचे हक्क अधिकाऱ्यांच्या मर्जीवर सोडले तर काय होते, याची दोन उदाहरणे महाराष्ट्राच्याच इतिहासात आहेत. पहिले प्रभाकर संझगिरी यांचे. भारत संरक्षण नियमांखाली ते मुंबईच्या कारागृहात स्थानबद्ध होते. तेथे त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे शास्त्रविषयक पुस्तक मराठीत लिहिले आणि प्रकाशनासाठी हस्तलिखित बाहेर पाठवू द्यावे, अशी विनंती केली. शासनाने नकार दिला. पुस्तक लिहिण्याचा हक्क स्थानबद्धतेच्या नियमांत दिलेला नाही, असा युक्तिवाद झाला. उच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने कौल दिला आणि ६ सप्टेंबर १९६५ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी तो कायम केला. नियमाने जे काढून घेतलेले नाही, ते बंदिवानापाशी उरतेच, असा त्याचा आशय होता.

दुसरे उदाहरण आणीबाणीतले. तस्करीविरोधी कायद्याखाली स्थानबद्ध झालेल्या काहींनी कारागृहातील वागणुकीच्या अटींविरुद्ध दाद मागितली. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे ऐकले. परंतु २५ जानेवारी १९७७ रोजी भानुदास गावडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवला. मूलभूत हक्कांची अंमलबजावणी राष्ट्रपतींच्या आदेशाने स्थगित असताना असे अर्ज चालूच शकत नाहीत, असे ठरले. म्हणजे तक्रार खरी की खोटी हे पाहण्याआधीच दार बंद झाले. त्यानंतर दोनच महिन्यांत आणीबाणी उठली आणि पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद झाली. बारा वर्षांच्या अंतराने तेच न्यायालय, तीच घटना, आणि उत्तरे दोन. ज्या समाजाला या दाराची पर्वा नसते, त्याच्यासाठी ते बंद व्हायला वेळ लागत नाही, हाच यातला बोध.

फादर स्टॅन स्वामी यांची आठवण येथे टाळता येणार नाही. आदिवासींमध्ये आयुष्य घालवलेल्या या येशूसंघीय धर्मगुरूंना वयाच्या ८३ व्या वर्षी, ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीत अटक झाली आणि तळोजा कारागृहात ठेवण्यात आले. कंपवातामुळे त्यांना पेला धरता येत नसे. नळी असलेला पेला मिळावा म्हणून ६ नोव्हेंबरला अर्ज गेला. तपास यंत्रणेने उत्तरासाठी वीस दिवस मागून घेतले. वीस दिवसांनी उत्तर आले ते असे, की आमच्याकडे तो पेला नाहीच. मग नवा अर्ज, मग कारागृहाकडून पुन्हा खुलासा. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचा जामीन अर्ज उच्च न्यायालयात प्रलंबित होता आणि खटला उभाही राहिला नव्हता. त्यांच्यावरील आरोपांविषयी येथे आम्ही काही बोलत नाही. त्यांचा निवाडा त्यांच्या हयातीत झालाच नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे. पाणी पिण्याच्या नळीसाठी एका कापऱ्या हाताच्या वृद्धाला आठवडे मोजावे लागतात, त्याच्यामागे नामवंत वकील आणि जगभरची ख्रिस्तसभा उभी असताना. मग आमच्या वऱ्हाडातल्या त्या सातवी शिकलेल्या मुलाच्या कागदाला किती वेळ लागेल?

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा, की कैदी खोटे अर्ज करतात. काही करतातच. परंतु न्यायालयात येणारे कोणते लोक फक्त खरे बोलतात? जमिनीच्या दाव्यात खोटे सातबारे सादर होतात, म्हणून जमिनीचे दावे वाचायचे थांबत नाहीत. छाननी अवश्य व्हावी. ती प्रत्यक्ष भेटीने व चौकशीने व्हावी, अभिप्रायाच्या एका ओळीने होऊ नये.

दुसरा आक्षेप नेहमीचा: गुन्हा केला, आता भोगा. हा आक्षेप घेणाऱ्यांनी एक आकडा लक्षात घ्यावा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या माहितीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे शंभरात पंचाहत्तरांहून अधिक, कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा शाबीत झालेला नव्हता. कारागृहांची क्षमता शंभर धरली, तर आत एकशे एकतीस माणसे होती. आणि ज्याचा गुन्हा शाबीत झाला आहे, त्याला न्यायालयाने कारावास दिलेला असतो. खरूज, उपासमार आणि मारहाण दिलेली नसते. जून २०२० मध्ये अकोल्याच्या जिल्हा कारागृहात साठाहून अधिक बंद्यांना कोरोनाची लागण झाल्याचे आढळले. तेव्हा त्या भिंतींच्या आतली गर्दी हा अकोलेकरांच्याही आरोग्याचा प्रश्न झाला होता. कारागृहाचे शिपाईही त्याच गर्दीत राबतात. बंद्याचे गाऱ्हाणे वाचले गेले, तर त्यांचाही भार हलका होईल.

तिसरा आक्षेप आपल्याच माणसांचा आहे. कोर्टकचेऱ्या हे ख्रिस्तसभेचे काम नव्हे, आपण प्रार्थना करावी व सांत्वन द्यावे, असे ते म्हणतात. त्यांनी ‘प्रेषितांची कृत्ये’ पुन्हा उघडून पाहावे, अशी आमची नम्र विनंती आहे. फिलिप्पै येथे संत पौल व सीला यांना चौकशीवाचून फटके मारून कैदेत टाकण्यात आले. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी त्यांना गुपचूप सोडून देण्याचा निरोप पाठवला. पौलाने जायचे नाकारले. रोमन नागरिकांना चौकशीवाचून चव्हाट्यावर मारले आहे, तेव्हा अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर काढावे, असे त्याने बजावले आणि ते आले. पुढे लाच मिळेल या आशेने सुभेदार फेलिक्सने त्याला दोन वर्षे तसेच अडकवून ठेवले, तेव्हा आपल्या हक्काचा आधार घेऊन त्याने कैसराकडे दाद मागितली. रात्री कैदेत स्तोत्रे गाणारा पौल आणि सकाळी आपल्या हक्कासाठी अडून बसणारा पौल हे दोन नव्हेत. प्रभूने प्रार्थनेचा दाखला देताना तरी कोण निवडले? बेपर्वा न्यायाधीशाच्या दारी न्यायासाठी पुनःपुन्हा खेटे घालणारी एक विधवा. आपण तो दाखला प्रार्थनेपुरता ऐकतो आणि त्यातली कचेरी विसरून जातो.

आमच्या मागण्या तीन आहेत आणि तिन्ही साध्या आहेत. बंद्याच्या प्रत्येक अर्जाला तारीख घातलेली पोच मिळावी, ही पहिली. कारागृहाच्या कारभाराविरुद्ध तक्रार असेल, तर अधीक्षकांचा अभिप्राय एकट्याने पुरेसा मानू नये. विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाने किंवा न्यायिक अधिकाऱ्याने बंद्याला एकांतात भेटून मगच अर्जाचे भवितव्य ठरवावे, ही दुसरी. अर्ज निकाली काढला, तर त्याचे कारण बंद्याला कळेल अशा मराठीत, लेखी द्यावे, ही तिसरी. यांपैकी एकीलाही नवा कायदा लागत नाही. बत्रा प्रकरणातील पेट्या व भेटी, बारसे प्रकरणातील एकांतातली मुलाखत ही उदाहरणे डोळ्यांसमोर आहेतच. कोठडीतील प्रत्येक माणसाला मोफत विधी साहाय्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुहास चकमा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कारागृहांतील विधी साहाय्य केंद्रे नीट चालावीत, असे पुन्हा बजावले. त्या पीठाचे अध्यक्ष होते आपल्या अमरावतीचे सुपुत्र, पुढे २०२५ मध्ये सरन्यायाधीश झालेले न्यायमूर्ती भूषण गवई. अमरावतीच्या माणसाने दिल्लीत दिलेला शब्द अमरावतीच्या कारागृहात पाळला जातो की नाही, हे पाहण्याचे काम अमरावतीकरांचे नाही तर कोणाचे?

म्हणून शेवटचा शब्द आपल्या धर्मग्रामांसाठी. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या अमरावती धर्मप्रांतात वकील आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, कायद्याचे विद्यार्थी आहेत, सरकारी कचेरीत आयुष्य काढलेली माणसे आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण विधी स्वयंसेवक नेमते. प्रत्येक धर्मग्रामातून निदान दोघांनी तेथे नाव नोंदवावे. बंद्याने सांगितलेले नीट लिहून घ्यावे, अर्जाची प्रत ठेवावी, तारीख टिपावी. त्याने गुन्हा केला की नाही, हे विचारू नये. ते न्यायालयाचे काम आहे. त्याला तीन प्रश्न विचारावेत. अर्ज केलास का? पोच मिळाली का? उत्तर आले का? महिन्यानंतर पुन्हा जावे आणि हेच विचारावे. उत्तर नसेल, तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे जावे, सत्र न्यायाधीशांना लिहावे, आणि त्या विधवेप्रमाणे पुन्हा जावे.

२६ डिसेंबर २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोमच्या रेबिब्बिया कारागृहात जाऊन जयंती वर्षाचे पवित्र द्वार उघडले. त्या चित्राने आपण भारावलो. आपल्या अमरावती-अकोल्यात तसा सोहळा होणार नाही. पण कारागृहाच्या दारात उभ्या असलेल्या त्या आईला तिच्या पोराचा कागद कोणत्या तारखेला गेला, कोणी वाचला आणि काय ठरले, एवढे सांगणारा माणूस आपल्यातून उभा राहू शकतो. येत्या नाताळला खोकी भरताना त्यांत एक वही व एक पेन अवश्य ठेवावे. केक त्याच दिवशी संपेल. वहीचे काम दुसऱ्या दिवसापासून सुरू होईल.